मागच्या दाराचं लाकूड

सरांनी माझा निबंध दोन बोटांत कोपऱ्याला धरून वर उचलला. घाण फडकं उचलतात तसा.

“विषय होता शहरी जीवन,” ते वर्गाला म्हणाले. “आपल्या आंबागडच्या बाईंना शहर कसं दिसतं, ऐका.”

बी.ए.चं पहिलं वर्ष. तुमसरचं, तालुक्याचं कॉलेज. निबंधलेखनाचा तास. ‘पाहिलेलं लिहा, ऐकीव लिहू नका,’ असं सरांनीच आदल्या आठवड्यात बजावलं होतं. मी पाहिलेलं लिहिलं होतं.

ते वाचू लागले. “शहर मागून सुरू होतं. आधी नाली, मग संडासाची भिंत, मग मागचं दार. शहराला पुढचं दार असतं, हे मला कॉलेजात नाव घातल्यावर कळलं.”

वर्ग हसला. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, “मोळीवाली आली वो, दार उघडा.” आणखी हसू. सरही हसले. पोरांचं हसणं मी विसरले. सरांचं नाही.

मागचं थोडं सांगायला हवं. आमची वस्ती आंबागड गावाबाहेरची. आमच्या हातचं पाणी गावात चालत नव्हतं, शहरातही नव्हतं. माय जंगलातून लाकूड आणायची, उन्हात वाळवायची, मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन तुमसरला चालत जायची. कॉलेजला सुट्टी असली की दुसरी मोळी माझ्या डोक्यावर. घरं ठरलेली होती. रीतही ठरलेली. पुढून जायचं नाही. मागच्या अंगणात मोळी टाकायची आणि दूर सरायचं. मग घरातल्या बाई तांब्या घेऊन यायच्या आणि मोळीवर पाणी शिंपडायच्या. आमच्या डोक्यावरून आलेलं लाकूड असं शुद्ध व्हायचं. त्यानंतर ते आत जायचं.

पाणी शिंपडलेलं लाकूड चुलीत घातलं की काय होणार? धूर. पुढच्या खेपेला त्याच बाई मायला बोलायच्या, “ओली लाकडं आणतेस का गं? धुराने डोळे गेले आमचे.”

“सुकंच व्हतं जी बाई,” माय म्हणायची. त्यापुढे एक शब्द नाही. बोलली असती तर गिऱ्हाईक तुटलं असतं.

निबंधात मी एवढंच लिहिलं होतं. नाव कोणाचंच घातलं नव्हतं. फक्त दार लिहिलं होतं.

सर हसत हसत वाचत त्या दाराशी आले. “हिरवं दार. शेजारी गोडलिंबाचं झाड. फुटक्या घंगाळात लावलेला गवती चहा...”

आणि थांबले.

वर्गातली काही मुलं सरांच्या घरी शिकवणीला जात. हातपाय धुवायला त्याच अंगणात जात. त्यांचंही हसू थांबलं. ते घर सरांचं आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मागून येणाऱ्याला नावाची पाटी दिसत नाही. त्या क्षणी कळलं.

तास संपल्यावर सरांनी व्हरांड्यात गाठून निबंध परत दिला. “त्या परिच्छेदावर रेघ मार. शहर म्हणजे रस्ते, दिवे, सिनेमा, वाचनालय. तसं लिहून आण. नाही आणलंस तर टर्म मिळणार नाही.”

टर्म नाही म्हणजे परीक्षा नाही. वर्ष बुडणार.

मायला सांगितलं. तिने भाकर थापता थापता निकाल दिला. “लिव ना वो पोरी त्यायले पायजे तसं. पेपरले बस पयले.”

लिहायला बसले. रस्ते लिहिले. दिवे लिहिले. मग रेघ मारायला पेन टेकवला. त्या रेघेखाली माय जात होती. पेन उचलला.

रविवारी मायसोबत मोळी घेऊन त्याच हिरव्या दाराशी गेले. बाई आल्या. तांब्या कलंडला. पाणी लाकडावरून ठिबकत होतं आणि बाई मायला विचारत होत्या, “मागची ओली निघाली. आज तरी सुकी आहेत ना?”

मी वाकले, मोळी उचलली, परत डोक्यावर घेतली.

“कायले उचलून राहिली वो?” माय घाबरून म्हणाली.

मी घराला वळसा घालून पुढे गेले. ओसरीवर सर शिकवणी घेत होते. समोर तीच मुलं. मोळी मी त्यांच्या मधोमध टाकली.

“सर, हात लावून पाहा. हे लाकूड कोणी ओलं केलं ते सांगा. मी लिहून घेते.”

सरांनी हात लावला नाही. चष्मा काढून पुसत बसले. आतून बाईंचा आवाज आला, “ती पुढे कशी आली?” मुलांपैकी एकही हसला नाही. मी मोळी परत उचलली. लाकूड आमचं होतं.

गल्लीत माय रडत उभी होती. “गिऱ्हाइकाचं घर तोडलंस माह्यं,” म्हणाली. कित्येक दिवस माझ्याशी बोलली नाही. मग एका सकाळी जंगलात तिनेच बाकीच्या बायांना सगळं सांगितलं. त्या हिवाळ्यात हिरव्या दाराशी आमच्या वस्तीतली एकही मोळी टेकली नाही.

निबंध मी होता तसाच परत दिला. शेवटी पुढच्या दाराचा एक परिच्छेद वाढवला. टर्म मिळाली नाही. वर्ष बुडालं. मी टर्म मागायला गेले नाही. पुढच्या वर्षी भंडाऱ्याला नाव घातलं. आज शाळेत मराठी शिकवते.

सर या महिन्यात निवृत्त होत आहेत. त्यांचा गौरवग्रंथ निघतो आहे. समितीने कळवलं, माजी विद्यार्थ्यांनी सरांकडून काय शिकलो ते लिहून पाठवावं. सुवाच्य अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला, मुदतीच्या आत. सगळ्या अटी पाळल्या आहेत. हाच तो मजकूर.

सर, मी तुमच्याकडून लिहायला शिकले. पाहिलेलं लिहायचं, ऐकीव नाही. तेव्हा फक्त दार लिहिलं होतं, नाव घातलं नव्हतं. आताही घातलेलं नाही. ते ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आहेच.

संपादकांनी यातल्या एकाही ओळीवर रेघ मारू नये. मारली, किंवा हे छापलंच नाही, तर सत्काराच्या दिवशी मी पुढच्या दाराने येईन आणि सगळ्यांसमोर उभी राहून वाचेन. सर वाचत होते तसं, मोठ्याने. ते जिथे थांबले, तिथे मी थांबणार नाही.