वॉर्डातले ओले लंगोट

बाळंतिणीच्या वॉर्डात एकवीस वर्षं नर्सची नोकरी केली. लोकांजवळ किस्से जमतात साहेबांचे, नाईतर शेजाऱ्यांचे. माह्याजवळ जमले ते सारे तान्ह्या बाळांच्या शूचे! हसू नका. भिलाईत त्याच्यावरही लोक ड्युटी लावतात.

*

सेक्टर ६चे एक बाप, स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमधले. बाळाले घरी नेलं आन् लंगोटांची लॉगशीटच सुरू केली! सहाव्या दिवशी दाखवायले आले तर कपाळावर आठ्या.

"सिस्टर, परवा तीन, काल पाच, आज आठ! कंट्रोल सुटला का जी?"

"नाई दादा, दूध पोटात पोचून राहिलं. आठ म्हंजे उत्तम."

गडी एकदम खुलला. "म्हंजे टार्गेट पुरं!"

*

दुसरे प्लांटच्या ओर यार्डमधले, जिथं लोखंडाच्या खनिजाची लाल धूळ उडते. ड्युटीवरून तसेच आले आन् बाळाले उचललं. थोड्या वेळानं लंगोटावर विटकरी डाग दिसला. गडी धावला नळावर, कोपरापर्यंत हात घासले. "माह्याच हाताची धूळ लागली जी!"

डाग शूचाच होता. पहिले दोन-तीन दिवस पडते कधी असा, दूध वाढलं की जाते. त्याले काही पटलं नाई. दुसऱ्या दिवशी पांढरा शर्ट घालून लांबच उभा. "आता पडला तर माह्यावर नाव नाई!"

*

एक आजोबा रेल्वेतून रिटायर झालेले. नातू शू करायच्या आधी दरवेळी रडे. डॉक्टर म्हणाले, "कितीतरी बाळं रडतात, मग मोकळी होऊन शांत होतात."

आजोबा म्हणे, "हां, गाडी सुटायच्या आधी शिटी!"

*

पण सुषमाची गोष्ट मी आजही विसरली नाई. लग्नाले नऊ वर्षं झाल्यावर पोरगं झालेलं. चोवीस तास होत आले आन् शू नाई. मी घडीघडी विचारी, "झाली का?" कुम्हारीवरून आलेली तिची सासू ठासून सांगे, "नाई जी! एकदम कोरडं हाय!"

सुषमा रडून रडून अर्धी झाली. डॉक्टरसाहेबांनी रायपूरले पाठवायची चिठ्ठी लिहायले घेतली. मले बी रडू येऊन राहिलं होतं.

पाठवायच्या आधी एकदा तपासावं म्हणून साहेबांनी लंगोट सोडला, तर कारंजं सरळ त्यांच्या चष्म्यावर! सुषमा रडता रडता हसली. मी टाळ्याच वाजवल्या.

सासू मात्र पदरानं बाळाले झाकून हात जोडत उभी. "माफ करा जी साहेब! सुषमा झोपली होती तवा दोनदा केली, ते मी झटकन बदलून धुऊन टाकलं, कोणाले दिसू नाई देल्लं. सिस्टरनंच सांगतलं होतं, बाळ कोरडं पायजे!"