मागं राहिलेल्या मावशी

मास्तरांनी आयुष्यात एकाही पोराला शिकवलं नव्हतं. स्वतःच शाळेत जेमतेम टिकलेले. पण सहल कंपनीच्या बसमध्ये माइक हातात घेऊन ते उभे राहिले, की मागच्या सीटवरचे टवाळसुद्धा पाय खाली घेऊन गप्प बसायचे. म्हणून ड्रायव्हर लोकांनी त्यांचं नाव मास्तर पाडलं. ते असं चिकटलं की घरी बायकोही शेजारणीला सांगायची, "आमचे मास्तर आज उशिरा येणार."

किनाऱ्यावरची देवळं आणि मधले समुद्रकिनारे, हा त्यांचा रोजचा रस्ता. बसभर माणसं सकाळी न्यायची आणि संध्याकाळी जशीच्या तशी परत आणायची. आता बसभर माणसं सांभाळणं म्हणजे काय चेष्टा आहे? कुणी शिंपले वेचत बसतं, कुणी देवळामागं फोटो काढत राहतं. एकदा तर एक नवा नवरा बायकोवर रुसून खडकावर जाऊन बसला होता. मास्तरांनी त्याची समजूत काढून, वर स्वतःच्या डब्यातलं खायला घालून त्याला बसमध्ये आणला होता.

आणि एवढ्या वर्षांत त्यांनी एक माणूस मागं सोडलं नाही. त्याची एक युक्ती होती. मास्तर माणसं मोजायचेच नाहीत. माणसं हलतात, जागा बदलतात, सीटखाली चप्पल शोधत वाकलेली असतात. रिकामी सीट हलत नाही. सकाळी निघताना किती सीट रिकाम्या आहेत ते बघून ठेवायचं. प्रत्येक थांब्यानंतर तेवढ्याच रिकाम्या दिसल्या, की ड्रायव्हरच्या पाठीवर थाप. चल बाबा! नवीन पोरांना ते मोठ्या ऐटीत सांगायचे, "भरलेलं बघू नका, रिकामं बघा." एखाद्या साधूनं सांगावं तसं.

मग बस कंपनीच बंद पडली. लोकांना म्हणे आता गर्दी नको, स्वतंत्र गाडी आणि स्वतंत्र वाटाड्या पाहिजे. मास्तर घरी बसले. घरी बसलेला माणूस घरच्यांना किती जड जातो ते मास्तरांच्या बायकोला विचारा. ते जेवायच्या वेळी दारात उभे राहून सगळ्यांना हाका मारायचे, पोरीला घरी यायला जरा उशीर झाला की गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचे. शेवटी बायकोनंच ओळखी काढून खासगी गाड्यांच्या एका कंपनीत त्यांचं काम जमवलं. गाडीही स्वतः चालवायची आणि माहितीही सांगायची. तिथली मालकीणबाई मास्तरांच्या पोरीएवढी, पण बोलायला रोखठोक. "काका, तुमचं नाव ऐकलंय. पण आमच्याकडं गिऱ्हाईक एका गाडीचे पूर्ण पैसे मोजतं. पहिल्याच फेरीत तक्रार आली तर दुसरी फेरी नाही." मास्तर मान डोलावून बाहेर पडले. या वयात दुसरीकडं कोण दारात उभं करणार, हे त्यांना न सांगताच कळत होतं.

तर ही पहिली फेरी. गिऱ्हाईक म्हणजे माणसं दोनच, आई आणि मुलगा. लॉजच्या खाली, प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून ठेवलेल्या एका अरुंद जागेत मुलगा आईचा दंड धरून उभा होता. चांगला पन्नाशीला टेकलेला माणूस, एका कानाला फोन, दुसऱ्या हातात आई. खांद्यावर पिशवी, काखेत उशी, बखोटीला घोंगडीएवढी जाड शाल. आईला मागच्या सीटवर बसवून, पाठीला उशी लावून, पायांवर शाल घालून तो पुढं येऊन बसला आणि म्हणाला, "आई पडली होती गेल्या वर्षी. खुब्याचं ऑपरेशन झालंय. तिला एकटीला सोडायचं नाही, एवढंच बघा."

"साहेब, काळजीच सोडा," मास्तर म्हणाले. मनात म्हणाले, बसभर माणसं सांभाळली, दोन माणसांचं काय घेऊन बसलात!

पहिलं देऊळ टेकडीवरचं. मुलानं आईला दंड धरून चढवलं, दंड धरून उतरवलं. मग एक लांबलचक किनारा. तिथं तिला पाण्यात पाय बुडवायचे होते, तर मुलगा म्हणाला, "घसरशील." मावशी गाडीकडं परत वळल्या. मास्तर त्यांना मावशीच म्हणत होते. गाडीत बसल्या की शाल डोक्यावरून ओढून झोपायच्या. मास्तरांनी माहितीचा नळ सोडला की मुलगा हळूच बोट ओठांवर ठेवायचा. मास्तरांची पंचाईत! बोलायची ज्यांची भाकरी, त्यांनाच गप्प बसवलेलं.

दुसरं देऊळ समुद्रातल्या खडकावरचं. ओहोटीला वाळूची एक पट्टी उघडी पडते, तिच्यावरून चालत जायचं. भरती आली की पट्टी पाण्याखाली जाते आणि देवळाचं बेट होतं. देऊळ कधी बुडत नाही, पण पट्टीवर मधेच सापडलं तर ओढ वाईट, हे मास्तरांनी जाताना तीनदा सांगितलं. दर्शन झालं, परत आले. मुलानं आईला मागं बसवलं, उशी लावली, शाल घातली. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला आणि आवाज नीट येईना म्हणून तो गाड्यांच्या शेडमागं गेला. मास्तर बाटल्या भरायला नळावर गेले. नळाशेजारी टपरी, टपरीत बसच्या दिवसांपासूनचा ओळखीचा माणूस. मग काय, एवढ्या वेळचं तोंडात अडवून धरलेलं सगळं तिथं सांडलं.

परत आले तर मुलगाही फोन संपवून येत होता. त्यानं काचेतून मागं बघितलं. डोक्यावरून ओढलेली शाल जिथल्या तिथं, एका बाजूला कलंडलेली. "झोपली," तो कुजबुजला. मास्तरांनीही सवयीनं आरशात बघितलं. सीट रिकामी आहे का? नाही. चल बाबा!

दार हळू लावलं. गाडी हळू काढली. खड्डा आला की मास्तर असे जपून घेत होते, जणू काचेची भांडी भरलीयत. घाटाच्या वळणावर समुद्र खाली पसरलेला दिसला, तो दाखवायला तोंड उघडलं आणि मिटलं. झोपू देत बिचाऱ्या. असं करत करत पुढच्या किनाऱ्यावर गाडी लावली. मास्तर उतरले, अदबीनं मागचं दार उघडलं आणि म्हणाले, "मावशी, उठा, आलो आपण."

शाल उठेना. मास्तरांनी अगदी हलकेच शालीचं टोक धरलं. खाली उशी होती. उशीखाली पिशवी. आणि मावशी? मावशी नव्हत्या!

मास्तरांनी सीटखाली वाकून बघितलं. मुलानं घाईघाईनं आईला फोन लावला, तर फोन पिशवीतच वाजायला लागला. दोघंही त्या वाजणाऱ्या पिशवीकडं बघत राहिले. मग मुलाचा आवाज चढला. "तुम्ही बघितलं नाही? दोनच माणसं होती हो! दोन माणसं मोजता येत नाहीत तुम्हाला?"

सीट बघितली हो साहेब, माणूस नाही बघितलं, असं सांगायचं? मास्तरांनी गाडी वळवली. घाट चढताना पुढं एक मालट्रक लागला, गोगलगायीला लाजवील असा. बाजूनं जायला रस्ता नाही. मुलगा सारखा म्हणत होता, "भरती सुरू झाली असेल ना? झाली असेल ना?" झालीच होती. मास्तरांना भीती होती ती वेगळीच. म्हातारी उतरून परत देवळात गेली असेल आणि तिथंच थांबली असेल तर तिला ढिम्म काही होणार नाही. पण गाडी दिसत नाही म्हणून घाबरून पट्टीवर उतरली असेल तर? खुब्याचं ऑपरेशन झालेली बाई, आणि ती ओढ! नोकरीचा विचारसुद्धा त्या घाटात मास्तरांच्या मनात आला नाही. देवा, काहीही घे, म्हातारीला तेवढी पायरीवर बसव, एवढंच ते म्हणत होते.

वाहनतळावर गाडी नीट न लावताच दोघं पळाले. पट्टी दिसत नव्हती. तिच्या जागी पाणी, वर फेसाची एक रेघ. आणि पलीकडं, देवळाच्या मधल्या पायरीवर, पाय खाली सोडून मावशी बसल्या होत्या. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं मागं गेलेला. त्यांनी यांना बघितलं आणि ओळखीचं कुणी रस्त्यात भेटल्यावर करतात तसा हात केला.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. नुसता पडला नाही, खणखणीत आवाज करून पडला. ते वाळूत मटकन बसले आणि हसायला लागले. मुलगा रडत होता की हसत होता ते मास्तरांना कळलं नाही.

पाणी अजून कमरेपर्यंतच होतं. मास्तरांच्या पायांना पट्टी पाठ. त्यांनी मुलाचा हात धरला आणि दोघं पलीकडं गेले, बूट, पॅंट, खिशातला रुमाल, सगळं भिजवून. वर पोचल्यावर मास्तरांच्या लक्षात आलं, आता मावशींना घेऊन परत जाता येणार नाही. पाणी चढतंय. ओहोटी लागेपर्यंत तिघांनीही इथंच बसायचं. सुटका करायला आलेले स्वतःच अडकले, कप्पाळ!

"बसा की," मावशी म्हणाल्या. "सकाळपासून नुसती पळापळ."

मुलाचा राग उसळला. आधी मास्तरांवर. "तुम्हाला कामावर ठेवलं कुणी? थांबा, आत्ता लावतो फोन तुमच्या मालकिणीला!" ओल्या हातानं त्यानं वरच्या खिशातून फोन काढलाही.

"लावा साहेब," मास्तर म्हणाले. "चूक माझीच आहे. सीट भरलेली दिसली आणि मी गाडी हाणली." खरं सांगायचं तर त्या घटकेला त्यांना त्याचं काही वाटलंच नाही. म्हातारी समोर धडधाकट बसली होती, एवढं बघूनच त्यांचं पोट भरलं होतं.

"त्यांच्यावर कशाला ओरडतोस?" मावशी म्हणाल्या. "तू फोनवर, ते नळावर. मी त्या बाजूचं दार उघडलं आणि आले निघून. तेव्हा वाळू कोरडी होती."

"आणि गाडी गेली ते?"

"दिसलं की. इथूनच दिसलं."

"अगं मग हाक का नाही मारलीस?"

मावशींनी पाण्याकडं बघितलं. "मारली असती तर थांबला असतास की रे."

मुलगा तसाच उभा राहिला, फोन हातात धरून. मास्तरांना वाटलं, आपण इथं नसतो तर बरं झालं असतं. पण जाणार कुठं, चारी बाजूंना समुद्र!

"रागावू नकोस," मावशी सावकाश म्हणाल्या. "तू करतोस ते मायेनंच करतोस, मला कळतं. पण वर्ष झालं बघ. न्हाणीघराची कडी काढून टाकलीस. झोपले तरी दार उघडं. चालले तर दंडाला हात. एकटीनं बसायचं म्हणजे काय, ते विसरले होते मी. इथं बसले आणि काही वेळ मला कुणी विचारलं नाही, आई काय हवंय, आई काय झालं. इतकं बरं वाटलं रे मला. तुला सांगायचीसुद्धा लाज वाटते."

मुलगा पायरीवर आईच्या शेजारी बसला. मग त्यानं फोनवर नंबर लावला. आता आलं मास्तरांना नोकरीचं भान! इतका वेळ विसरलेली मालकीणबाई डोळ्यांपुढं उभी राहिली.

"हां, तुमच्या गाडीतूनच बोलतोय," मुलगा म्हणाला. म्हणजे गाडीत नव्हताच, पण असो. "आम्हाला परतायला उशीर होईल. नाही, नाही, गाडीला काही झालं नाही. देवळात थांबलोय. आईला आवडलंय इथं." मग त्यानं मास्तरांकडं बघितलं. "हो, मास्तर आहेत की बरोबर. ठीक आहेत. माणूस चांगला आहे, पाण्यात उतरायला मागंपुढं बघत नाही."

मास्तरांनी इतका मोठा श्वास सोडला की मावशी हसल्या. "अहो मास्तर, सकाळपासून काही सांगितलं नाहीत तुम्ही. आता सांगा की या देवळाचं." मग काय विचारता! मास्तरांनी देऊळ सांगितलं, खडक सांगितला, रुसलेला नवरा सांगितला. मुलगाही हसला, ओले मोजे पायरीवर पिळता पिळता.

ऊन कललं तसं पाणी मागं सरलं. आधी फेसाची रेघ दिसली, मग ओली वाळू, मग पूर्ण पट्टी. मावशी उठल्या. मुलाचा हात सवयीनं त्यांच्या दंडाकडं गेला, आणि त्यानं तो स्वतःच्या खिशात घातला.

"हो पुढं," तो म्हणाला.

मावशींनी एकदा त्याच्याकडं बघितलं आणि पायऱ्या उतरल्या. साडी थोडी वर धरून, एकेक पाऊल टाकत त्या पट्टीवरून निघाल्या. मधे एकदा थांबल्या, तेव्हा दोघंही पुरुष एकदम अर्धे उठले. त्या पाण्यात पाय बुडवत होत्या. मग पुन्हा चालायला लागल्या. पलीकडं पोचल्या आणि वाळूवर खुशाल बसल्या, पाठ यांच्याकडं करून.

मास्तरांनी बूट हातात घेतले. "चला साहेब, आपणही निघू."

मुलगा परत पायरीवर बसला. त्याचे डोळे भरून आले होते, पण चेहरा मोकळा होता.

"थांबा हो मास्तर," तो म्हणाला. "बसू दे तिला जरा. आपण जाऊ थोड्या वेळानं."