शहाण्णव गजांचा बांध

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं. खून नाही, दरोडा नाही, तरी त्याने मला जितकं छळलं तितकं सराईत गुन्हेगारांनीही छळलं नाही.

नव्वदच्या दशकात मी नाशिकला सहायक निरीक्षक होतो. गंगापूर रोडच्या पुढे तेव्हा गुलाबाचे आणि भाजीचे मळे होते. तिथल्या दोन चुलत भावांचे मळे एकाच बांधाला लागून होते. धाकटा एका सकाळी ठाण्यात आला आणि बाकावर बसायच्या आत ओरडला, "साहेब, आण्णानं बांध कोरला!"

तक्रार अशी होती. त्यांच्या वडिलांनी जमीन वाटून घेतली तेव्हा पूर्वेकडून शहाण्णव गज थोरल्याचे आणि पुढचं धाकट्याचं, असं तोंडी ठरलं होतं. हद्दीला दगड पुरला होता. धाकट्याने आता फीत लावली, तर दगड आठ फूट त्याच्या बाजूला निघाला. थोरल्याची बोअर नेमकी त्याच आठ फुटांत होती. शहाण्णव गजांबद्दल दोघांचं दुमत नव्हतं, एवढीच काय ती सोय.

त्याच दिवशी आमच्या खबऱ्याने सांगितलं, की थोरला पहार घेऊन दगडापाशी खणताना दिसला होता. पंचनाम्यात दगडाच्या बुडाशी माती भुसभुशीत निघाली. मी थोरल्याला चौकशीला आणलं.

"दगड कलला व्हता, सरळ केला. सरकवला नाय," तो म्हणाला.

दिवसभर विचारलं, तरी उत्तर तेच. खोटं बोलणारा माणूस दर खेपेला गोष्टीला थोडी कल्हई करतो. याने एक शब्द बदलला नाही. संध्याकाळी मात्र त्याने हात जोडले.

"साहेब, बोअर त्याला देऊन टाका. पण मला बांधकोऱ्या म्हणू नका. मळ्यात तोंड दाखवायला जागा राहिली नाय."

फुकट बोअर सोडायला निघालेला चोर मी तरी पाहिला नव्हता. मग मी मापाच्या मागे लागलो आणि ठाण्याची शाळा झाली.

गज म्हणजे किती? धाकट्याने घरातून लोखंडी गज आणून टेबलावर आपटला. वडिलांच्या मामाचं आठवडी बाजारात कापडाचं दुकान होतं, त्याने याच गजाने जमीन मोजून दिली होती. गज भरला सत्तावीस इंच. म्हणजे शहाण्णव गजांचे दोनशे सोळा फूट. दगड होता दोनशे चोवीसवर. थोरल्याचे वकील म्हणाले, "गज म्हणजे वार, साहेब. तीन फूट. दोनशे अठ्ठ्याऐंशी होतात, आमचीच जमीन कमी आहे!" थोरला स्वतःच त्यांच्यावर खेकसला, "गप बसा की वकीलसाहेब!" भूमापकाला बोलावलं, तर त्याने हात वर केले. "आमची साखळी तेहतीस फुटांची. दगड पावणेसात साखळ्यांच्या थोडा पुढे आहे. गज आमच्या खात्यात बसत नाही. आतली वाटणी तुम्ही दाखवाल ती." सरकारी माणसाने इतकं खरं बोललेलं मी क्वचित ऐकलं, पण उपयोग शून्य.

वाटणी पाहिलेलं एकच माणूस हयात होतं, दोघांची आत्या. ती इगतपुरीला मुलाकडे राहायची. मी तो लोखंडी गज जीपमध्ये टाकला आणि निघालो. घाटमाथ्यावर पाऊस असा, की समोरचा रस्ता दिसेना. मनातल्या मनात दोन्ही भावांना शिव्या घालत पोहोचलो.

"मामांनी कसं मोजलं, दाखवाल का?" मी विचारलं.

म्हातारी ओसरीवर उकिडवी बसली. तिने गज ठेवला, टोकाशी अंगठा दाबला आणि पुढचा गज अंगठ्याच्या पलीकडून सुरू केला.

"हा अंगठा कशाला?"

"मामा कापड असंच मोजायचे. गजामागं अंगठा वर. गिऱ्हाइकाला कमी पडाया नको."

"पण ही तर जमीन होती!"

"मग? सवयीचा हात सुटतो व्हय? माझे दोघं भाऊ हसत व्हते, मामा जमिनीचं धोतर फाडतो का म्हणून. पण दगड दोघांनी मिळून पुरला."

अंगठा एक इंचाचा धरला, तर शहाण्णव गजांमागे शहाण्णव इंच. बरोबर आठ फूट! मी कपाळावर हात मारून घेतला. दगड जिथे पुरला तिथेच होता.

दोघांना समोर बसवून मी सगळं सांगितलं. आत्याचा जबाब वाचून दाखवला. धाकट्याने तक्रार मागे घेतली. थोरला म्हणाला, "एवढं बांधावर येऊन म्हण, लोकांदेखत. जिथं मला चोर म्हणलास तिथं."

"माप चुकलं, त्यात माझा काय गुन्हा?" असं म्हणून धाकटा चपला घालून चालता झाला. कायद्यात माफी मागायला लावणारं कलम नाही. थोरल्याच्या बोअरवरून धाकट्याच्या मळ्यालाही पाणी जायचं; ते त्याने कधी तोडलं नाही, पण फुलं विकायला तो दुसऱ्या बाजारात जाऊ लागला. जुन्या बाजारात माणसं कुजबुजायची.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. मापाचं भांडण आलं, की किती मोजलं याआधी कोणी मोजलं ते विचारावं. पुढे जमिनीच्या कितीतरी तक्रारींत ते कामी आलं.

काही वर्षांनी थोरला वारला. दहाव्याला मी गोदाकाठी गेलो होतो. पिंडाला कावळा शिवेना. मुलांनी सगळी वचनं देऊन पाहिली. शेवटी मागे उभा असलेला धाकटा पुढे आला, हात जोडून मोठ्याने म्हणाला, "आण्णा, तू बांध कोरला नव्हतास."

कावळा आला. बायका रडल्या, लोक म्हणाले, आत्मा मोकळा झाला. माझा मात्र असा संताप झाला, की मी प्रसादालाही थांबलो नाही. ते वाक्य ऐकायला तो माणूस इतकी वर्षं बांधापलीकडेच राहत होता.