बक्षिसाची घडी

चौथीच्या पोरांच्या वहीवर तारे चिकटवण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. म्हणून एक्कावन्नाव्या वर्षी स्कूटी शिकायला घेतली, तेव्हा स्वतःलाही बक्षिसं द्यायची ठरवली. ध्येय एकच होतं: अक्कलकोट रोडनं एकटीनं गाडी चालवत कुंभारीला, आईकडं जायचं. एरवी जायचं म्हणजे नवऱ्याची सवड बघायची, आणि त्याचं उत्तर ठरलेलं, "रविवारी बघू." आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, तिथं एकटी. मनात येईल तेव्हा तिच्यासमोर जाऊन बसता यावं, एवढंच मला हवं होतं.

पहाटे मैदानावर शिकवणी सुरू झाली. नवरा मागून "ब्रेक, ब्रेक!" ओरडत पळायचा आणि धाप लागून स्वतःच थांबायचा. न पडता एक फेरी झाली की एक प्लेट भजी, असा मी नियम केला. पुढं पुढं पडले तरी भजी खाऊ लागले, कारण पडलेल्याला धीर द्यावा लागतो. तीन महिन्यांत मला पक्कं लायसन्स मिळालं आणि सगळे ब्लाऊज घट्ट झाले.

मोठं बक्षीस होतं मोरपंखी इरकल साडी. कुंभारी गाठल्याशिवाय नेसायची नाही, असं ठरलं होतं. पण दुकानात त्या रंगाची एकच उरली होती, म्हणून आधीच आणून कपाटात ठेवली. तिथंच माती खाल्ली.

थोरली नणंद मंगळवेढ्याला लग्नाला निघाली होती, वाटेत आमच्याकडं उतरली. कपाट उघडं होतं, साडी समोर. "नवी वाटतं गं?" असं तिनं विचारायचा अवकाश, माझ्या तोंडून निघून गेलं, "न्या की ताई, तुम्हीच घडी मोडा."

नवी साडी आधी आपल्या माणसाला नेसायला द्यायची, तिच्याकडून घडी मोडून घ्यायची, ही आमच्याकडं माया दाखवायची रीत. समोरचीनं "छे, तुझी साडी, तूच नेस" म्हणायचं आणि विषय मिटवायचा. ताई तसं म्हणाल्याही. मी गप्प बसायला हवं होतं. पण पुन्हा आग्रह केला, आणि तिसऱ्यांदा केला तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढं म्हणतीस तर नेते बाई."

चार दिवसांनी साडी परत आली, पदरावर आमटीचा डाग घेऊन. ताईंवर रागवायची सोय नव्हती, म्हणून मी स्कूटीवर रागावले. दोन आठवडे तिला हात लावला नाही.

"तू साडीसाठी शिकत होतीस, की आईकडं जायला?" नवऱ्यानं विचारलं. मी पदरावरचा डाग पुन्हा घासायला घेतला. उत्तर दिलं असतं तर तो बरोबर ठरला असता.

मग एका बुधवारी आईचा फोन आला. "येतीस का गं? शेंगा भाजल्यात." मी म्हणाले, "रविवारी बघू." फोन ठेवला आणि स्वतःचीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी शाळा सकाळची होती. ती सुटल्यावर घरी आले, किल्ली घेतली आणि शाळेच्याच चुरगळलेल्या साडीत निघाले. उसाच्या ट्रॅक्टरला वाट दिली, ट्रकला दिली, शेवटी दुधाच्या किटल्या लावलेल्या एका सायकललाही दिली. असं करत कुंभारीत शिरले.

आई दारात बसली होती. ती माझ्याकडं न बघता रस्त्याकडं बघू लागली. "जावई कुटं हायत?"

"आले नाहीत."

"मग तुला आनलं कुनी?"

"मीच आले. या गाडीवर."

ती काठी टेकत उठली. गाडीभोवती एक फेरी मारली, सीटवर हात फिरवला. आता बोलणी बसणार म्हणून मी तयार राहिले.

"मला बसव की मागं," ती म्हणाली.

मी नको नको म्हणत असताना ती बसलीसुद्धा. काठी आडवी मांडीवर, एक हात माझ्या कमरेला. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, वळलो, तर म्हणाली, "अजून एकदा घे. मगाशी दारात कुनी नव्हतं."

दुसऱ्या फेरीला दारात माणसं होती. आई पदर सारखा करून ताठ बसली. उतरताना तिनं विचारलं, "आता कदी येतीस?"

"उद्या," मी म्हणाले, आणि मला कुणाला विचारायचं नव्हतं.