मोनिका आत येऊन बसली नाही

मोनिका गेली हे मला शाळेत कळलं. दिवाळीची सुट्टी संपून दुसराच आठवडा होता. चौथीच्या वर्गात फळ्यावर भागाकार मांडून दाखवत होते, तेवढ्यात शिपाई दाराशी येऊन म्हणाला, "बाई, वसईहून फोन होता. तुमच्या शेजारच्या मोनिकाबाई वारल्या. सकाळीच." मी खडू खाली ठेवला. अशा वेळी माणसाला रडू येतं म्हणतात, मला आला तो राग. 'तपासणी करून आठ दिवसांत येते' असं सांगून ही बाई माहेरी वसईला गेली होती. जाताना हातात एक पिशवी, अंगावर रोजचीच निळी साडी. आपण परत येणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या मला तिने त्याचा वासही लागू दिला नव्हता. तिला जाऊन आता महिना होईल. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं. चांगलंच बोलणार आहे, पण चिडून बोलणार आहे, कारण चौदा वर्षं तिने मला चिडवण्यापलीकडे दुसरं काही ठेवलं नाही.

आम्ही सिल्वासाला आलो तेव्हा ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. यांची बदली प्रशासनाच्या कचेरीत झालेली, मला मराठी शाळेत नोकरी मिळाली, आणि सरकारी क्वार्टर मिळेपर्यंत म्हणून टोकरखाड्यात एका ओळीतल्या सहा खोल्यांपैकी दोन भाड्याने घेतल्या. क्वार्टर काही मिळालं नाही. पलीकडच्या खोलीत मोनिका आणि तिचा नवरा रेमंड राहायचे. रेमंड सामरवरणीकडच्या एका सुताच्या कारखान्यात मशीनवर होता, मोनिका घरी ब्लाउज शिवायची. मूलबाळ नव्हतं. दोघं वसईकडचे ख्रिस्ती, बोलणं आपल्यासारखंच मराठी, फक्त आपसात बोलताना भराभर बोलायचे आणि निम्मं आम्हाला कळायचं नाही. पुढच्या खोल्यांतून धुळे-नंदुरबारकडची कारखान्यात लागलेली माणसं होती. सहा बिऱ्हाडांना नळ एकच. अशा ठिकाणी माणसं एकतर भांडतात नाहीतर एकमेकांची होतात. आम्ही दोन्ही केलं.

पहिल्या वर्षीचा डिसेंबर उजाडायच्या आधीच मोनिकाचं काहीतरी सुरू झालेलं दिसलं. सकाळी उठून पाहावं तर सहाही दारांपुढचं अंगण झाडलेलं. कोणाची बादली नळाखाली भरून ठेवलेली. शोभाच्या, म्हणजे धुळ्याकडच्या त्या चौथ्या खोलीतल्या बाईच्या मुलाला ताप होता, तर ही त्याला कडेवर घेऊन दवाखान्यात. शोभा दारात उभी राहून सगळ्यांना सांगत होती, "मना पोऱ्याले तीच दवाखानामा लई गई." मी मोनिकाला विचारलं, हे काय चाललंय? ती हातातली सुई न थांबवता म्हणाली, "आमचा आगमनकाळ लागला, बाई. नाताळच्या आधीचे चार रविवार. कोणी यायचं असलं की आपण घर आवरतो ना? माझी आई म्हणायची, आधी शेजार आवरायचा, मग घर." मला ते आवडलं. शाळेत मुलांना सांगितलंसुद्धा. पण माझी त्यातली जागा कुठली हे तेव्हा कळलं नव्हतं.

त्याच आठवड्यात तिने आमच्याकडे वाटीभर खीर पाठवली, नारळाच्या दुधातली, तांदळाची. माझ्या सासूबाई तेव्हा हिंडत्याफिरत्या होत्या आणि त्यांचं सोवळं-ओवळं जबर. मी शाळेत होते. त्यांनी वाटी हातात घेतली, हसून घेतली म्हणे, आणि मागच्या बाजूला मोरीच्या कठड्यावर नेऊन ठेवली. संध्याकाळी मी आले, मोनिका कात्री मागायला माझ्यामागोमाग मागच्या दारापर्यंत आली, आणि दोघींनी एकाच वेळी पाहिलं की वाटीत चिमण्या उतरल्या आहेत. मोनिका कात्री घेऊन गेली. मी ती वाटी तीनदा घासली. आमच्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत देत नाहीत, म्हणून रात्रीच बेसन भाजून लाडू वळले आणि सकाळी चार लाडू घालून वाटी घेऊन गेले. मनात माफीची वाक्यं जुळवून ठेवली होती. मोनिकाने वाटी घेतली, लाडू एका कागदावर काढून माझ्या हातात परत दिले आणि म्हणाली, "या दिवसांत परत काही घेत नाही, बाई. घेतलं की ते दिलेलं राहत नाही." माझं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्या दिवसापासून तिने आमच्याकडे भांडं पाठवणंच बंद केलं. द्यायची सगळं, पण पानात बांधून. बाजारात वारली बायका भाजी घेऊन बसतात, त्यांच्याकडून सागाची पानं आणायची आणि त्यात भाकऱ्या, उकडलेली रताळी, वसईहून आलेली वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी बांधून दाराच्या कडीला लटकवून जायची. पान काय परत करणार? टाकूनच द्यायचं. आता हा तिच्या आगमनकाळाचा नियम, की आमच्या मोरीच्या कठड्याचा हिशेब, हे मला त्या दिवसापासून कधी कळलं नाही. शोभाकडेही पानातच जायचं, हे मी पाहिलं होतं. पण शोभाच्या मोरीवर चिमण्या उतरल्या नव्हत्या.

बाकीच्या अकरा महिन्यांत ती घ्यायची. दिवाळीचा फराळ, संक्रांतीचा तिळगूळ, हरतालिकेची काकडीसुद्धा. पण दारात उभ्याने. आत ये म्हटलं की हिचं शिलाईचं काम अडलेलं, रेमंडची शिफ्ट सुटायची वेळ झालेली, दूध उतू जाणार. मी तिला जेवायला किती वेळा बोलावलं असेल... माझी एकच इच्छा होती, फार मोठी नव्हती. तिने एकदा माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसावं, मी गरम वाढावं, आणि तिने पोटभर जेवून हात धुवावेत. एवढं झालं असतं तर ती वाटी माझ्या मानेवरून उतरली असती. मोनिकाने ते होऊ दिलं नाही. हसतमुखाने होऊ दिलं नाही, हे जास्त डोक्यात जायचं. भांडली असती तर मीही भांडले असते आणि विषय संपला असता.

एकदा मी हिय्या करून विषय काढला. दुपारची वेळ, ती दारात उभी, मी आत फोडणी देत होते. म्हटलं, "मोनिका, त्या पहिल्या वर्षीच्या खिरीचं मला..." ती म्हणाली, "बाई, डाळ लागतेय तुमची." खरोखर लागत होती. मी पातेलं उतरवून वळले तोवर बाई गायब. मी तशीच डाव हातात घेऊन तिच्या दारापर्यंत गेले, तर ही मशीनवर बसून पाय मारतेय आणि तोंडात दोरा धरलाय, म्हणजे बोलता येऊ नये. मला इतका संताप आला की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी माझी बादली नळाखाली भरलेली होती. आणि तेव्हा आगमनकाळ नव्हता, भर मे महिना होता.

पुढे सासूबाई अंथरुणाला खिळल्या. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली. माझी शाळा, यांची कचेरी, मुलगी दहावीत. डिसेंबर लागला आणि मोनिका आमच्या घरात आली, पहिल्यांदा उंबरा ओलांडून. सकाळी मी निघाले की ती येणार, सासूबाईंना पुसून काढणार, चादर बदलणार, पातळ भात भरवणार. आगमनकाळ संपला तरी येत राहिली, पार फाल्गुनापर्यंत. ज्या बाईने हिची खीर चिमण्यांना घातली, ती बाई माझ्या हातचं पाणी नको म्हणून मान फिरवायची आणि जड जिभेने विचारायची, "ती कुठाय?" मला काय वाटलं असेल ते सांगते. वाईट वाटलं, लाजही वाटली, आणि हेवा वाटला. तीन महिने ही बाई माझ्या घरात वावरत होती, तरी स्वयंपाकघराच्या दाराच्या अलीकडेच. चहा ठेवू का म्हटलं तर, "हात ओले आहेत, बाई, घरी जाऊन आंघोळच करते." सासूबाई गेल्या. मोनिकाची माफी त्यांनी मागितली का, मला माहीत नाही. मी नसताना दोघींचं काय बोलणं व्हायचं तेही माहीत नाही. विचारलं तर मोनिका म्हणाली, "त्यांना त्यांच्या माहेरच्या विहिरीचं सांगायला आवडायचं."

मग तिचं स्वतःचं दुखणं आलं. गेल्या पावसाळ्यात ती बारीक झाली, ब्लाउज अंगावर लोंबायला लागले. शिवणारणीचे स्वतःचे ब्लाउज ढगळ दिसतात म्हटल्यावर कोणालाही कळावं. म्हणाली, पित्त आहे. रेमंड वापीला घेऊन जायचा, म्हणाली, सूत घ्यायला गेलो होतो. मला खरं कळलं ते शोभाकडून, आणि तेही गणपती उलटून गेल्यावर. मी भांडंभर पेज घेऊन गेले. ती खाटेवर होती. "रेमंड करतो ना सगळं," ती म्हणाली, "तुम्ही कशाला, शाळा करून दमता." तेव्हा मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, "सगळ्या ओळीची धुणी-भांडी तू उपसायची, आमच्या घरची अंथरुणं तू बदलायची, आणि तुझ्यासाठी आम्ही वाटीभर पेज आणली तर ती नको? तू आम्हाला समजतेस तरी काय? आम्ही तुझे शेजारी नाही?" शब्द जरा वरच्या पट्टीत गेले. आजारी माणसाशी असं बोलू नये. रेमंड मान खाली घालून बसला होता. मोनिका म्हणाली, "ठेवा तिथं." मी ठेवली. तिने ती घेतली का, मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी भांडं धुऊन माझ्या दारात होतं, आणि दिवाळीनंतर ती वसईला गेली.

पुरलंही तिकडेच. आम्ही ओळीतले सगळे जाईपर्यंत सगळं आटोपलं होतं. आता जो तो येऊन मला सांगतो, देवमाणूस होती. घरमालकही सांगून गेला, ज्याने तिला नळाच्या जागेवरून नाही नाही ते ऐकवलं होतं. शोभा रडून घेते. मला रडूही येत नाही. सारखं वाटतं की चौदा वर्षांत एकच प्रश्न विचारायचा होता, ती पानं नियमाची होती की त्या वाटीच्या हिशेबाची, आणि विचारायच्या वेळी कधी माझी डाळ लागली, कधी तिच्या तोंडात दोरा होता.

मागच्या पंधरवड्यात रविवारी बाराच्या सुमाराला दारात रेमंड उभा. दाढी वाढलेली, शर्ट मात्र इस्त्रीचा, चर्चमधून तसाच आलेला. मोनिका वसईला गेल्यापासून तो कारखान्याच्या कॅन्टीनवर होता, आणि मी डबा देते म्हटलं तर नको म्हणत होता. म्हणून मी काही बोललेच नाही. तोच म्हणाला, "बाई, जेवायला मिळेल काय?"

मी म्हटलं, "मिळेल की. डबा भरून देऊ?"

"नाय," तो म्हणाला. मग पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसा बोलत गेला. "मोनिकाने सांगून ठेवलंय. आगमनकाळ लागला की चारी रविवार बाईंकडं जेवायचं. डबा नाय घ्यायचा. आत बसायचं. दारात उभं ऱ्हायचं नाय, बाईंना त्याचा लय राग हाय."

म्हणजे तिला माहीत होतं. मला काय सलतं ते या बाईला पहिल्यापासून माहीत होतं. मी किती वर्षं तळमळले तेही पाहत होती, आणि स्वतः ते मला दिलं नाही, नवऱ्याच्या हाती पाठवलं, तेही आपण नसताना. त्याच्या तोंडून ती मला माफ करत होती की माझ्यावर हे काम सोपवत होती, तेही सांगितलं नव्हतं. मला इतकी चीड आली की मी रेमंडला आत ये म्हणायचं विसरले. तो बिचारा चपला काढून, मान खाली घालून थांबला होता.

मी पाट मांडला. साधंच होतं, वरण-भात, वालाची उसळ, लिंबाचं लोणचं. तो बसला. किती दिवसांनी गरम जेवत होता कोण जाणे, मान वर न करता जेवत होता. मी समोर बसून वाढत होते आणि मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. पहिला भात संपला तसा मी डाव पुढे केला. त्याने ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाला, "नको, बाई. पुरे झालं."

"या घरात आता नको म्हणायचं नाही," मी म्हटलं, आणि त्याचा हात बाजूला करून भात वाढला.