इनासभाऊंची तुटक रेघ

इनासभाऊ फोटो नेहमी उलटा करून बघायचे. दक्षिण वर, उत्तर खाली. आखातातल्या सलमाबादच्या ऑफिसात माझा पहिलाच दिवस होता. मला वाटलं यांच्या कॉम्प्युटरचं काहीतरी बिघडलंय, म्हणून मी आगाऊपणे चित्र सरळ करून द्यायला गेले. त्यांनी माऊस अलगद माझ्या हातातून काढून घेतला.

"बाय, सावली आपल्याकडे पडली पाहिजे. नाहीतर खड्ड्याचा उंचवटा दिसतो."

खाली गॅरेजमधला ग्राइंडर किंचाळत असायचा आणि वर आम्ही सहाजण युरोपातली शेतं बघत बसायचो. तिथली एक संस्था विमानातून काढलेले फोटो पाठवायची. रोमन काळात शेतघराच्या आवाराभोवती चर खणत. ते चर बुजले, वर नांगर फिरले, पण तिथली माती अजून ओल धरून ठेवते. म्हणून कोरड्या उन्हाळ्यात सगळं बार्लीचं पीक पिवळं पडलं तरी चरावरचं हिरवं राहतं, आणि गाडलेल्या भिंतीवरचं सगळ्यात आधी वाळतं. जमिनीवरून काही कळत नाही, आकाशातून अख्खं आवार दिसतं. ते शोधून त्यावर रेघ ओढायची, हे आमचं काम. इनासभाऊंनी युरोपात कधी पाऊल ठेवलं नव्हतं, पण वसईच्या वाडीत वाढलेल्या माणसाला पिकाचा रंग कुणी शिकवावा लागत नाही. "जमीन तहानली की खरं बोलते," असं ते म्हणायचे.

त्यांचा एक नियम होता. एकाच वर्षीच्या फोटोत खूण दिसली तर तुटक रेघ. दुसऱ्या वर्षीच्या फोटोत तीच खूण तिथेच दिसली, तरच सलग. आमचा केरळी मॅनेजर वैतागायचा. "इनास, यल्ला, जल्दी करो, क्लायंट पूछ रहा है, ये डॉटेड कब तक डॉटेड रहेगा?"

"दूसरा फोटो आने दो. इंशाल्ला सॉलिड हो जाएगा," इनासभाऊ शांतपणे चष्मा पुसत सांगायचे.

मी एकदा एक सुरेख गोल शोधला आणि मोठ्या तोऱ्यात त्यांना दाखवला. त्यांनी चार वेळा मान वाकडी करून पाहिला आणि म्हणाले, "ही बैलांची पंगत आहे. मधे गोल गव्हाण ठेवलेली, भोवती खुरांनी गवत तुडवलंय. आपल्याला हवं असतं तेच आधी दिसतं, बाय. आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा, पण पुढच्या वर्षी." मी अकोल्याची, तोंडाची फटकळ, पण त्या माणसासमोर मी माझा गोल लगेच पुसून टाकला.

जेवणाच्या सुट्टीत मात्र ते युरोप बंद करून वसई उघडायचे. डब्यात सुक्या बोंबलाची चटणी आणि पडद्यावर उपग्रहातून घेतलेला त्यांच्या वाडीचा फोटो. वाडीत एक बावखल होतं. म्हणजे विहिरीहून पसरट, तळ्याहून लहान. त्याच्या पायरीवर बसून त्यांची आई भांडी घासायची. गावाकडच्या भावाने एकदा फोन केला, "डास होतात, पोरं पडतील, बुजवू का?" इनासभाऊंची शिफ्ट सुरू होत होती. ते घाईत म्हणाले, "बुजवून टाक." त्याने ट्रकभर राडारोडा ओतून बुजवलं. पुढे तो भाऊ वारला, झाडं तुटली, कुंपणं सरकली आणि नेमकी जागा दाखवणारं कुणी उरलं नाही. रिटायर होऊन परत जायचं आणि ते बावखल पुन्हा खणायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. "घागरभर पाणी लागलं तरी बस. माझ्या एका शब्दाने गेलंय ते."

एक दिवस त्यांनी मला जवळजवळ ओढतच आपल्या पडद्याकडे नेलं, वाडीचा फोटो उघडा होता. हिरव्या गवतात फिकट पिवळा लांबट चौकोन होता. "राडारोड्यावर गवत आधी वाळतं. हेच ते." आणि त्यावर त्यांनी चक्क सलग रेघ ओढलेली होती.

मला गप्प बसता आलं असतं. पण त्यांनीच लावलेली सवय. मी आधीच्या वर्षीचा फोटो उघडला. चौकोन नव्हता. नंतरचा उघडला. त्यातही नव्हता. इनासभाऊंनी चौकोन दिसणाऱ्या फोटोवरची तारीख पाहिली.

"रेजिनाच्या लग्नाचा मंडप," ते म्हणाले. रेजिना त्यांची पुतणी. "अंगणात घातला होता, खालचं गवत पिवळं पडलं. मला लीव्ह मिळाली नव्हती." मग त्यांनी ती रेघ पुसली आणि डबा धुवायला गेले. मला माझाच राग आला.

दोन वर्षांनी ते रिटायर झाले. मुहर्रकच्या विमानतळावर सोडायला मी गेले होते. आत जाताना म्हणाले, "बाय, फोटो उलटा करायला विसरू नको." गेल्या एप्रिलमध्ये त्यांचा मेसेज आला, "दोन ठिकाणी खणलं, नुसती वाळू. उद्या तिसरीकडे." त्यानंतर चार दिवसांनी रेजिनाचा फोन आला. भाऊ झोपेतच गेले होते. अशा वेळी खड्ड्याचं कसं विचारणार?

परवा वाडीचा नवा फोटो दिसला, त्यानंतरच्याच मे महिन्यातला. मी तो उलटा केला, सावली माझ्याकडे घेतली. गवत सगळं वाळलेलं. त्यात तीन खड्डे. दोन पांढरट, कोरडे. तिसरा भिंतीजवळ, काळाभोर. पाणी असेल. खड्ड्यातली सावलीही असेल.

रेजिनाला फोन करून विचारता येईल. पण खरं सांगते, मला भीती वाटते. ती म्हणाली की लगेच बुजवून टाकला, तर? आणि मला भाऊंची फार आठवण येते. ते शेजारी असते तर मान वाकडी करून एका नजरेत सांगितलं असतं.

मी त्या काळ्या खड्ड्याभोवती तुटक रेघ ओढून ठेवली आहे. पुढच्या वर्षीच्या फोटोची वाट बघते आहे.