बुऱ्हाणपूरचा रॉक शो आणि सोनलची साखर

माझी कॉलेजची मैत्रीण सोनल यायला तयार झाली ती एका अटीवर. "तिथे माझी आई व्हायचं नाही." तिला लहानपणापासून मधुमेह आहे, रोज इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं, आणि ही गोष्ट चारचौघांत निघालेली तिला अजिबात खपत नाही. मी काळजी करणारी, म्हणजे तिच्या भाषेत डोक्याला ताप. तरी हो म्हणाले. बुऱ्हाणपूरच्या उघड्या माळावर एवढा मोठा रॉक शो पुन्हा कधी होणार?

भुसावळहून सकाळी गाडी काढली. सावदा, रावेरपर्यंत रस्ता बरा आहे. पुढे केळीच्या ट्रकांमागे रांगत जावं लागतं. ओव्हरटेकची घाई करू नका, समोरूनही ट्रकच येतो. बुऱ्हाणपुरात उतरून मावा जिलेबी खाल्ली. सोनलने माझ्या कागदातला एक तुकडा उचलला आणि माझ्याकडे रोखून बघितलं. मी आकाशाकडे बघत राहिले.

दुपारचं जेवण निंबोल्याला, आमच्या कॉलेजच्या मित्राकडे, प्रशांतकडे. त्याच्या घरची केळीची बाग आहे. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी अशी होती की शो नसता तरी येणं वसूल झालं असतं. सोनलने आतल्या खोलीत जाऊन इंजेक्शन घेतलं. निघताना प्रशांतच्या आईने केळ्यांची पिशवी पुढे केली. "घेऊन जा वं पोरी, नाही म्हनू नको." आमच्याबरोबर शोला निघालेल्या प्रशांतने ती खांद्याला लावली.

शो खंडवा रोडला, कापूस निघून गेलेल्या शेतांत होता. पार्किंग इतकं लांब की धुळीतून चालून चालून पाय भरून आले. (बूट घाला, सँडल नको.) गेटवर बाहेरचं खाणं काढून घेत होते. सोनलच्या पर्समधून बिस्किटं आणि ग्लुकोजचा डबा निघाला. इन्सुलिनमुळे साखर एकदम उतरली तर तिला लगेच गोड लागतं. "औषधासाठी आहे" एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मागे रांग होती, लोक बघत होते. तिने दोन्ही वस्तू खोक्यात टाकल्या. मी तोंड उघडणार तोच तिने माझा हात दाबला.

मग गार्डने प्रशांतची पिशवी चाचपली. "क्या है? केला? जाओ, जाओ." इकडे केळं खाण्याच्या वस्तूंत धरतच नाहीत.

"टेन्शन मत ले यार," प्रशांत मला म्हणाला, "केळं हाये ना. साखरच साखर." मला हायसं वाटलं.

ऊन उतरलं आणि गर्दी दाटली. पहिल्या बँडचा ड्रम छातीत वाजत होता. आम्ही पार पुढे घुसलो होतो, सोनल बेभान नाचत होती. मग ती एकदम थांबली. चेहऱ्यावरून घाम ओघळत होता, बोटं थरथरत होती.

"प्रशांत, केळं!"

त्याने पिशवीत हात घातला. साल निघेना. दाताने सोलायला गेला तर ओठांना चीक लागला. सगळी फणी हिरवीगार, दगडासारखी कच्ची. त्याचा चेहरा पडला. "पाहुण्याले कच्चंच देतात ना गं आमच्याकडे. घरी पोचस्तवर पिकतीन म्हनून. मी पाह्यलंच नाही!"

"सोनल, आपण कुठे आहोत?"

"रावेरला," ती म्हणाली, आणि हसली.

मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. खाण्याचे स्टॉल कुठल्या कुठे, फोन लागत नव्हता, ओरडलेलं शेजारच्यालाही ऐकू जात नव्हतं. तिला दिलेला शब्द आठवत होता. तरी मी मोबाईलवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'शक्कर चाहिए, डायबिटीज़ है', आणि प्रशांतने तो डोक्यावर धरला. आसपासच्या सगळ्यांनी तो वाचला.

आधी कुणीतरी वाट करून दिली. मग डोक्यांवरून, हातोहात, कोल्ड्रिंकची अर्धी उष्टी बाटली आली. एरवी सोनल उष्टं शिवत नाही. मी तिला घोट घोट पाजलं. मागून चॉकलेटं आली, कुणाची तरी चुरगळलेली जिलेबी आली. "दीदी, और चाहिए क्या?" एक मुलगा सारखा विचारत होता. हळूहळू तिची नजर ठिकाणावर आली. तिने भोवतीचे वळलेले चेहरे पाहिले.

"सगळ्यांना सांगितलंस?"

"हो."

मुख्य बँड आम्ही मागे, पाण्याच्या टँकरजवळ बसून ऐकला. आवाज तिथे जास्त स्वच्छ येतो, तुम्हीही तिथेच बसा. सोनल माझ्याशी बोलत नव्हती. प्रशांत दर गाण्यानंतर माफी मागत होता. परतीच्या रस्त्यावरही ती खिडकीबाहेर बघत बसली. मला वाईट वाटत होतं, रागही येत होता. पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करीन, असं मनात घोकत मी गाडी चालवली.

हे लिहून झाल्यावर छापण्याआधी तिला पाठवलं. नाव बदलते, असंही कळवलं. दोन दिवसांनी तिचा फोन आला.

"नाव राहू दे," ती म्हणाली. "पुढच्या वेळी गर्दीत कोणाला तरी आधीच माहीत असेल."